परभाषेतील नावांचा उच्चार कसा शोधावा

अनोळखी नाव रोमन लिपीत दिसले की आपण ते नकळत इंग्रजीच्या सवयीने वाचतो आणि बहुतेक चुका तिथेच होतात. म्हणून उच्चाराच्या मागे लागण्याआधी ते नाव कोणत्या भाषेतले आहे, हे पाहावे. लिपी एकच असली तरी अक्षराचे मोल भाषेगणिक बदलते. इंग्रजीत 'ज'साठी येणारे 'जे' हे अक्षर जर्मनमध्ये 'य' होते, त्यामुळे मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांना 'जंग' म्हणणे चूक ठरते. स्पॅनिशमध्ये त्याचा घशात घासत येणारा 'ह' होतो, जसे 'होसे'. आणि फ्रेंचमध्ये 'श' म्हणता म्हणता गळ्यात कंप आणला की जो मऊ ध्वनी निघतो, तो त्याचा उच्चार असतो. हंगेरियनमध्ये एकटा 'एस' म्हणजे 'श', म्हणून तिथले लोक आपल्या राजधानीला 'बुदापेश्त' म्हणतात. मात्र त्याच्यापुढे 'झेड' आला की 'स' होतो, जसे संगीतकार लिस्ट यांच्या नावात. चिनी भाषा रोमन लिपीत लिहिण्यासाठी १९५८ साली स्वीकारलेल्या पिनयिन पद्धतीत 'एक्स' हा 'श'च्या आणि 'क्यू' हा 'छ'च्या जवळ जातो. फ्रेंच शब्दातले शेवटचे व्यंजन बहुधा मुके राहते, त्यामुळे फ्रेंच लेखक आल्बेर यांचे आडनाव 'कामू' होते, 'कामुस' नव्हे.

अक्षरांवरच्या खुणा शोभेच्या नसतात. जर्मन 'यू'वर दोन टिंबे असतील तर ओठ 'उ'साठी गोल करून जिभेने 'ई' म्हणावे. 'ओ'वर असतील तर ओठ 'ओ'चे ठेवून 'ए' म्हणावे. पोलिशमध्ये आडवी रेघ मारलेला 'एल' हा 'ल' राहतच नाही, तो ओठ गोल करून म्हटलेला 'व' होतो. पोलंडच्या माजी अध्यक्षांचे मराठीत 'वालेसा' असे छापले जाणारे आडनाव म्हणूनच मुळात 'वावेंसा' आहे.

मराठी बोलणाऱ्याकडे या कामासाठी काही ध्वनी आयतेच असतात, हे मला फार मोलाचे वाटते. 'चंद्र' आणि 'चमचा' यांतला 'च' एक नाही. 'चमचा'तला 'च' म्हणजेच जवळजवळ 'त्सुनामी' आणि 'मोत्सार्ट' यांतला 'त्स'. 'ळ' आणि 'ण'मुळे जीभ मागे वळवण्याचीही सवय असते. उलट इंग्रजीतला दातांमध्ये जीभ ठेवून हवा सोडत काढायचा ध्वनी आपण 'थ' म्हणून उरकतो, तो मात्र मुद्दाम शिकावा लागतो.

ध्वनी साधले तरी आघात, म्हणजे शब्दातल्या एका भागावर दिलेला जोर, चुकला तर नाव ओळखू येत नाही. हंगेरियन, चेक आणि फिनिश शब्दांत आघात पहिल्या अवयवावर (एका झटक्यात उच्चारल्या जाणाऱ्या तुकड्यावर) असतो, पोलिशमध्ये सहसा शेवटून दुसऱ्यावर. स्पॅनिशमध्ये शब्द स्वराने, 'एन'ने किंवा 'एस'ने संपला तर शेवटून दुसऱ्यावर, एरवी शेवटच्यावर, आणि नियम मोडायचा असेल तिथे स्वरावर तिरकी रेघ दिलेली असते. जपानीत ऱ्हस्वदीर्घ सांभाळावे लागते, कारण 'ओजिसान' म्हणजे काका आणि 'ओजीसान' म्हणजे आजोबा.

शब्दकोशात तिरप्या रेघांमध्ये जी चिन्हे दिसतात, ती बहुधा आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीतली असतात. तिचे पहिले रूप १८८८ साली प्रसिद्ध झाले. ती सगळी पाठ करण्याची गरज नाही, पण दोन खुणा लगेच उपयोगी पडतात: वरची छोटी उभी रेघ ज्या अवयवाच्या आधी येते त्यावर आघात असतो, आणि स्वरापुढची विसर्गासारखी खूण तो दीर्घ असल्याचे सांगते. त्यानंतर ती भाषा मातृभाषा असलेल्या माणसाचे ध्वनिमुद्रण ऐकावे, शक्यतो दोघांतिघांचे, कारण एकाच शब्दाचे प्रांतोप्रांती भेद असतात.

व्यक्तीच्या नावाबाबत मात्र भाषेच्या नियमापेक्षा त्या व्यक्तीचा स्वतःचा उच्चार वरचढ मानावा. स्थलांतरित कुटुंबांत आडनावाचे लेखन जुनेच राहून उच्चार बदललेला असतो. ती व्यक्ती समोर असेल तर भेटीच्या आरंभीच विचारावे, तिच्यासमोर एकदा म्हणून दाखवावे, आणि ऐकलेले रूप आघाताच्या अवयवाखाली रेघ मारून लगेच देवनागरीत टिपून ठेवावे.