जुन्या नोंदवह्यांची सूची घरबसल्या करायची असेल तर

नगरपालिकेच्या जन्म-मृत्यू विभागात माझी सगळी नोकरी झाली. दाखल्यासाठी आलेला माणूस वडिलांचं नाव सांगायचा, साल सांगायचा, आणि तरी नोंद हाती लागायची नाही. बरेचदा नोंद वहीत असायची, पण ती जिथे शोधायची तिथे नसायची. पहिलं बाळंतपण माहेरी झालेलं असलं की नोंद आईच्या माहेरगावी. बारशाआधी नोंद घातलेली असली की नावाचा रकाना कोरा, फक्त ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’. वही जपून ठेवणं हे अर्धंच काम, तिची नीट सूची करणं हे उरलेलं अर्धं. हेच उरलेलं अर्धं काम जगभरातले स्वयंसेवक इंटरनेटवर करतात, म्हणजे जुन्या पानांची चित्रं बघून त्यातली नावं आणि तारखा टंकतात. आपल्याकडे निवृत्त लोक, गृहिणी, कॉलेजची मुलं हे काम सहज करू शकतील, म्हणून इथे नीट सांगते आहे.

यातली सगळ्यात मोठी संस्था म्हणजे फॅमिलीसर्च. अमेरिकेतल्या युटामध्ये १८९४ साली स्थापन झालेल्या वंशावळ-संस्थेतून ती वाढली. ती एका ख्रिस्ती पंथाच्या चर्चची आहे, त्यामुळे ‘त्यांचं सदस्य व्हावं लागतं का?’ असं मला विचारतात. अजिबात नाही. खातं फुकट, शोध फुकट, आणि काम कुठल्याही धर्माच्या माणसाने करावं. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांची मायक्रोफिल्मसुद्धा याच संस्थेने करून ठेवली आहे. त्र्यंबकेश्वरला किंवा हरिद्वारला आपण गाव आणि आडनाव सांगतो आणि उपाध्याय नेमकी वही काढतात. तिथे तो माणूसच सूची असतो. संगणकावर माणूस बसलेला नाही, म्हणून प्रत्येक नाव कुणीतरी टंकावं लागतं.

पूर्वी या कामासाठी वेगळा प्रोग्रॅम संगणकावर उतरवून घ्यावा लागायचा. आता सगळं ब्राउझरमध्येच होतं. खातं उघडा, ‘गेट इन्व्हॉल्व्ड’ या भागात जा, तिथून इंडेक्सिंगचे, म्हणजे सूची करण्याचे, प्रकल्प शोधा. प्रत्येक प्रकल्पावर भाषा आणि काठिण्यपातळी लिहिलेली असते. पहिल्यांदा इंग्रजी आणि सोपी पातळी घ्या. छापील रकान्यांच्या फॉर्मवर हाताने भरलेली विसाव्या शतकातली कागदपत्रं सगळ्यात बरी. भारतातलं काही समोर येईलच असं नाही. अमेरिकेतल्या कुठल्या तरी परगण्यातल्या विवाहनोंदीही मिळतील. चालेल. कुणाची तरी पणजी त्यात आहे.

प्रकल्प निवडला की एक बॅच मिळते, म्हणजे एक किंवा काही पानांचा संच. एका बाजूला पानाचं चित्र, दुसऱ्या बाजूला भरायचे रकाने. हात लावण्याआधी प्रकल्पाच्या सूचना पूर्ण वाचा. हे मी जरा जोर देऊन सांगते, कारण प्रत्येक प्रकल्पाचे नियम वेगळे असतात. एकात संक्षेप जसाच्या तसा ठेवायचा असतो, दुसऱ्यात वेगळी अपेक्षा असते. माझं इथलं सांगणं आणि प्रकल्पाची सूचना यांत फरक दिसला तर सूचनाच खरी.

पहिला प्रश्न असतो, या पानावर टंकण्याजोगी माहिती आहे का? मुखपृष्ठ, कोरं पान, एकाच पानाचा दुसरा फोटो असं काही असेल तर तसं सांगून पुढे जायचं. नंतर चित्र मोठं करा, उजेड कमी-जास्त करून पाहा. शाई फिकट असेल तर रंग उलटे करून बघा. काळ्यावर पांढरी अक्षरं झाली की पुसट रेघा पुष्कळदा उठून दिसतात. ओळ चुकू नये म्हणून चालू ओळीवर पट्टी धरता येते, तीही वापरा. रुंद तक्त्यात डावीकडचं नाव एका ओळीचं आणि उजवीकडचं वय खालच्या ओळीचं, असा घोटाळा फार सहज होतो.

आता एक पान जवळून बघू. इंग्रज अंमलातली मुंबई इलाख्यातली बाप्तिस्म्याची नोंदवही घ्या. तिच्यात बाप्तिस्म्याची तारीख, जन्माची सांगितलेली तारीख, मुलाचं नाव, आईवडिलांची नावं, मुक्काम, वडिलांचा हुद्दा आणि विधी करणाऱ्या पाद्र्याची सही असे रकाने असतात. तारखा दोन आहेत. डावीकडची पहिली तारीख दिसली की ती जन्मतारीख म्हणून टंकण्याचा मोह होतो. ती बाप्तिस्म्याची असते, आणि दोन्हींमध्ये कधी काही दिवसांचं तर कधी काही वर्षांचं अंतर असतं. दफनाच्या वहीतही तेच, मृत्यूची तारीख वेगळी आणि दफनाची वेगळी. रकान्याचं शीर्षक वाचल्याशिवाय एकही तारीख टंकू नका.

समजा त्या ओळीत मुलगी मेरी ॲन, वडील जॉन, हुद्दा गनर म्हणजे तोफखान्यातला शिपाई, आणि मुक्कामाच्या रकान्यात गिचमिड. परदेशातला स्वयंसेवक तिथे अडतो. आपल्या डोळ्याला मात्र ‘किर्की’ लगेच लागतं, कारण खडकीला तोफखाना होता हे आपल्याला माहीत असतं. बॅसीन म्हणजे वसई, टॅना म्हणजे ठाणे, शोलापूर, रत्नागेरी, बायकला, देवळाली: ही नावं आपण ऐकत मोठे झालो. मराठी माणसाने हे काम करावं असं मला मनापासून वाटतं ते यासाठी. पण ओळखलं म्हणून सुधारायचं नाही. कारकुनाने किर्की लिहिलं असेल तर किर्कीच टंका, खडकी नाही. आपलं ज्ञान अक्षर लावण्यासाठी वापरायचं, अक्षर बदलण्यासाठी नाही.

अशा नोंदींवरच काम करायचं असेल तर ‘फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटी’ म्हणजे फिबिस ही ब्रिटनमधली स्वयंसेवी संस्था बघा. तिचा शोधसंग्रह सर्वांना फुकट खुला आहे आणि नोंदी उतरवण्याचं काम स्वयंसेवकच करतात. मूळ मोठा साठा लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. तिथे इलाख्यांप्रमाणे साठ्याला क्रमांक दिलेले आहेत: एन-एक बंगालचा, एन-दोन मद्रासचा आणि एन-तीन मुंबईचा. गोव्याच्या जुन्या चर्चच्या वह्या पोर्तुगीजमध्ये आहेत, तेव्हा ज्यांच्या घरात ती भाषा टिकली आहे त्यांनी फॅमिलीसर्चवर पोर्तुगीज प्रकल्प निवडावेत. पोर्तुगीज वाचणारे आपल्याकडे दिवसेंदिवस कमी होत आहेत, त्यांचं एकेक पान मोलाचं आहे.

जुन्या इंग्रजी हस्ताक्षराच्या काही खोड्या आधीच माहीत असाव्यात. शब्दातला एस अनेकदा लांबलचक, एफसारखा काढलेला असतो. जेसी हे नाव ‘जेफ्सी’ वाटतं. डब्ल्यू-एम म्हणजे विल्यम, जे-एन-ओ म्हणजे जॉन, टी-एच-ओ-एस म्हणजे थॉमस. सातचा आकडा आणि पुढे ‘बर’ दिसलं तर तो जुलै नव्हे, सप्टेंबर, आठ-बर ऑक्टोबर. इंग्लंडमध्ये १७५२ पूर्वी नवं वर्ष २५ मार्चला लागायचं, त्यामुळे डिसेंबरनंतर जानेवारी येऊनही साल तेच दिसेल. तेही तसंच ठेवा. एखादं अक्षर लागत नसेल तर त्याच पानावर तो कारकून तेच अक्षर दुसरीकडे कसं काढतो ते शोधा. महिन्यांची नावं याला फार उपयोगी, कारण ती आपल्याला आधीच माहीत असतात.

तरीही लागलं नाही तर अंदाज ठोकू नका. एक अक्षर लागत नसेल तर त्या जागी प्रश्नचिन्ह, अनेक लागत नसतील तर तारांकन. पूर्ण रकाना वाचता येत नसेल तर तशी खूण करायची सोय आहे, आणि मूळ रकानाच कोरा असेल तर ‘कोरा’ अशी वेगळी खूण. या दोन्हींत गल्लत नको: कोरा म्हणजे कारकुनाने लिहिलंच नाही, न वाचता येणारा म्हणजे लिहिलंय पण दिसत नाही. चुकीचं नाव टंकलं तर तो माणूस सापडण्याऐवजी हरवतो. प्रश्नचिन्ह असलं तर निदान शोधणारा तिथवर येऊन मूळ चित्र बघतो.

शेवटी तपासणीचा टप्पा येतो. संगणक संशयास्पद नोंदींवर बोट ठेवतो, पण तो म्हणतो म्हणून बदल करू नका, पानावर पुन्हा बघा. नंतर तुमची बॅच दुसऱ्या स्वयंसेवकाकडे पडताळणीला जाते. हात बसला की तुम्हीही पडताळणी करा. दुसऱ्याचं वाचन तपासताना आपलं सुधारतं.

हल्ली कामाची तऱ्हाही बदलते आहे. अमेरिकेची १९४० ची जनगणना २०१२ साली खुली झाली तेव्हा दीड लाखाहून अधिक स्वयंसेवकांनी ती काही महिन्यांत टंकून काढली. १९५० ची जनगणना १ एप्रिल २०२२ ला खुली झाली, तेव्हा आधी संगणकाने हस्ताक्षर वाचलं आणि माणसांनी ते तपासलं. असं तपासणीचं काम मोबाइलवरही होतं: पानावरचं एक नाव ठळक करून दाखवतात, खाली संगणकाचं वाचन असतं, बरोबर की चूक ते आपण सांगायचं. बसच्या थांब्यावरही होण्यासारखं आहे. मात्र चुकीचं वाचन इतकं सुबक टंकलेलं असतं की डोळा त्याच्यावर विश्वास ठेवतो. म्हणून आधी हस्ताक्षर वाचा, मग खाली बघा.

बॅचला मुदत असते. एका वेळी एकच घ्या, अर्धं झालेलं काम जपून ठेवलं जातं. पाहुणे आले, परीक्षा आली, हस्ताक्षर झेपेना, तर बॅच तशीच अडवून ठेवू नका. परत करायची सोय आहे. परत केलीत की ती दुसऱ्या कुणाच्या तरी हाती जाईल.