थिजलेले खोबरेल बाटलीतून काढताना

थंडीत खोबरेल तेल बाटलीतच थिजते आणि अरुंद तोंडातून ते काडीने कोरून काढण्यात सकाळचा वेळ जातो. झाकण घट्ट लावून बाटली हाताला सोसेल इतक्या गरम पाण्याच्या पातेल्यात पाच-दहा मिनिटे उभी ठेवावी. खोबरेल साधारण २४ अंश सेल्सिअसला वितळत असल्याने उकळत्या पाण्याची गरजच नसते. बाटली पारदर्शक असेल तर मुलांना शेजारी बसवावे, कारण पांढऱ्या गोळ्याच्या कडा आधी नितळ होतात आणि सुटलेला घट्ट तुकडा पाण्यावरच्या बर्फासारखा तरंगत नाही, तो तळाशी जातो, हे पुस्तकापेक्षा इथे चांगले कळते. प्लॅस्टिकची बाटली थेट गॅसवर मात्र कधीही धरू नये. हिवाळ्यापुरते तेल रुंद तोंडाच्या बरणीत काढून ठेवले, तर एवढाही खटाटोप उरत नाही.