गढूळ पाण्यातील प्रकाशशोषण लेझरजन्य ध्वनीने कसे मोजावे

पावसाळ्यात गोव्यातल्या मांडवी नदीला येणारे तांबडे पाणी साध्या स्पेक्ट्रोफोटोमीटरमध्ये (नमुन्यातून आरपार जाणारा प्रकाश मोजणाऱ्या यंत्रात) ठेवले, तर मिळणारा आकडा फसवा असतो. कारण पलीकडे न पोहोचलेला प्रकाश कणांनी शोषला की नुसता इतस्ततः विखुरला, हे त्या यंत्राला कळत नाही. लेझरच्या स्पंदाने (क्षणिक झोताने) उमटणारा ध्वनी मात्र शोषलेल्या ऊर्जेतूनच जन्मतो. अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी १८८० साली वर्णिलेला हा परिणाम आज स्पंदित लेझर असलेल्या प्रयोगशाळेत सहज वापरता येतो.

डिचोली-सांगे भागातल्या मातीचा तांबडेपणा लोहाच्या ऑक्साइडांचा असतो आणि ती हिरवा प्रकाश चांगला शोषतात. म्हणून एनडी-याग या स्फटिक-लेझरचा ५३२ नॅनोमीटरचा, सुमारे १० नॅनोसेकंदांचा स्पंद घ्यावा. नमुन्याच्या कुपीला एका बाजूस काचेची खिडकी आणि समोर ५ मिलिमीटरवर पीव्हीडीएफ या प्लास्टिकच्या पटलाचा ट्रान्सड्यूसर (ध्वनीचे विद्युत सिग्नलमध्ये रूपांतर करणारे साधन) असावा. झोत रुंद व एकसारखा ठेवावा, नाहीतर ध्वनिलहर पसरून तिचा आकार बिघडतो. द्रवाची अपारदर्शकता इथे सोयीचीच पडते, कारण ट्रान्सड्यूसर सावलीत राहतो. नमुना ढवळून, निर्वात पंपाने हवेचे बुडबुडे काढून, गाळ बसण्याआधी मोजावा. ५३२ नॅनोमीटरसाठीचा चष्मा घातल्याशिवाय आणि अंगठी-घड्याळ काढल्याशिवाय लेझर सुरू करू नये.

ऑसिलोस्कोपवर (सिग्नलचा आलेख दाखवणाऱ्या यंत्रावर) सिग्नल चढत जाऊन सुमारे ३.३ मायक्रोसेकंदांनी शिखर गाठतो. सर्वांत खोलवरचा ध्वनी आधी पोहोचतो, खिडकीलगतचा शेवटी. त्यामुळे या चढणीचा आकार म्हणजे द्रवात प्रकाश कसा विरत गेला याची उलटी नोंदच असते. सिग्नलचा नैसर्गिक लॉगॅरिदम काळासमोर मांडून सरळ रेषा बसवावी आणि तिच्या उताराला ध्वनीच्या वेगाने भागावे. समजा, सिग्नल ३३० नॅनोसेकंदांत २.७ पट झाला. वेग १५०० मीटर प्रतिसेकंद धरल्यास खोली अर्धा मिलिमीटर, म्हणजे शोषणगुणांक (प्रकाश किती वेगाने शोषला जातो त्याचे माप) सुमारे २० प्रति सेंटिमीटर येतो. प्रकाशाचे विखुरणे जोरदार असेल, तर या आकड्यात तेही मिसळते; अशा वेळी त्याला शोषणगुणांक न म्हणता परिणामी क्षीणन (शोषण व विखुरणे मिळून प्रकाशाचे विरणे) म्हणणेच प्रामाणिक ठरेल.

शिखराच्या उंचीवरूनही शोषण काढता येते, पण माझा भरवसा उतारावर अधिक आहे. उंची ही स्पंदाच्या ऊर्जेवर, ट्रान्सड्यूसरच्या संवेदनशीलतेवर आणि तापमानावर अवलंबून असते: २५ अंशांवरचे पाणी ३० अंशांवर गेले की तेवढ्याच प्रकाशाला ध्वनी जवळपास पाचव्या हिश्शाने वाढतो. बाहेरच्या उकाड्यातून वातानुकूलित खोलीत आणलेली बाटली लगेच मोजण्याचा मोह म्हणूनच टाळावा. क्षारतेचाही परिणाम होतो आणि पणजीजवळच्या पाण्याची क्षारता ऋतूप्रमाणे पालटते. तुलनेसाठी ताजे, गाळलेले पोटॅशियम परमँगनेटचे द्रावण नमुन्याच्याच तापमानाला वापरावे. त्याचे शोषण स्पेक्ट्रोफोटोमीटरच्या पातळ क्युव्हेटमध्ये (काचेच्या चपट्या कुपीत) मोजले असल्यास येणारा आकडा दहाच्या पायाच्या लॉगॅरिदमचा असतो, म्हणून तो २.३०३ ने गुणायला विसरू नये.

झोताची ऊर्जा निम्मी केल्यावर सिग्नलही निम्माच झाला पाहिजे. तसे न झाल्यास कणांभोवती सूक्ष्म बुडबुडे होत असण्याची शक्यता असते. झोत आणखी मंद करावा. शिखराच्या टोकाशी अचानक अणकुचीदार सुळका दिसू लागला, तर बहुधा खिडकीच्या आतल्या बाजूला तांबडा थर बसलेला असतो. तो सौम्य ऑक्झॅलिक आम्लाने धुऊन मोजणी पुन्हा करावी.