हरिहरेश्वरची प्रदक्षिणा करायचीय? आधी तिथी बघा

हरिहरेश्वरला लोक दर्शन घेतात, बीचवर जातात, मोदक खातात आणि निघतात, पण देवळामागचा प्रदक्षिणा मार्ग बघितला नाही तर खरं हरिहरेश्वर राहूनच गेलं. फक्त तिथे आपल्या सोयीने जाता येत नाही, ओहोटीलाच जायचं.

टाइड टेबल मोबाईलवर मिळतंच, पण कोकणातला जुना हिशोबही सोपा आहे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ. म्हणजे पंचमीला पावणेचारच्या आसपास भरती, त्याच्या सहाएक तास आधी, सकाळी पावणेदहाला ओहोटी. म्हणून मला चतुर्थी-पंचमी बेस्ट वाटते, कुठल्याही पक्षातली चालेल. पौर्णिमा-अमावास्येला पाणी जास्त मागे ओसरतं खरं पण दिवसाउजेडीची ओहोटी सहाच्या सुमाराला, मग सकाळी लवकर नाहीतर संध्याकाळी अंधार पडता पडता खडकांवर, आणि अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे भरती-ओहोटी लहान, पाणी नीट ओसरतच नाही. हा अंदाज टेबलशी ताडून घ्याच. पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी उतरा, पाणी वळलं की परत फिरा.

आधी काळभैरव, मग हरिहरेश्वर, मग पुन्हा काळभैरव असं दर्शन झालं की मागच्या वाटेने जायचं, दोन कड्यांमधल्या अरुंद घळीतून पायऱ्या थेट समुद्रात उतरल्यासारख्या जातात. खाली आलात की लगेच फोटो काढत सुटू नका, आधी कड्याच्या भिंतीजवळ जाऊन बघा, सगळा दगड मधाच्या पोळ्यासारखा भोकाभोकांचा झालाय, मधे पातळ पातळ कडा उरल्यात. लाटांचे तुषार दगडाच्या बारीक छिद्रांत मुरतात, पाणी वाळतं, मिठाचे स्फटिक फुगतात आणि दगडाचा एकेक कण सुटतो. पायाखालचा सपाट खडक लाटांनीच कडा कापून केलेला. दगड आपल्या सह्याद्रीचाच, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. त्या कडांवर नावं कोरू नका प्लीज, हात लावतानाही जपून.

चप्पल नको, ग्रिप असलेले फ्लोटर्स घाला, हिरवं शेवाळ दिसलं तर पाय ठेवूच नका आणि कालवांच्या शिंपल्या ब्लेडसारख्या लागतात. समुद्राकडे पाठ करून सेल्फी अजिबात नाही, इथे लाटेने ओढून नेल्यामुळे माणसं गेलीत. पावसाळ्यात उतरूच नका, आणि स्थानिक माणूस नको म्हणाला तर वाद न घालता मागे फिरा.

पुढे वेळासकडे जायचं असेल तर बागमांडल्याहून वेसवीला फेरी आहे, गाडीसकट पलीकडे जाता येतं.