बॅकहँडचं रबर बदललं आणि ब्लॉक टेबलावर पडू लागला

सहा महिने टेबल टेनिस खेळताना माझा बॅकहँड ब्लॉक, म्हणजे बॅट नुसती समोर धरून परतवलेला फटका, टेबलाबाहेर जात होता. समोरच्याने टॉपस्पिन (पुढच्या दिशेने फिरकी दिलेला फटका) मारला की चेंडू उसळून थेट मागच्या भिंतीकडे. मी मनगटाला दोष देत राहिलो. खरं कारण बॅटवर चिकटवलेल्या रबरात होतं: दोन्ही बाजूंना एकच, खाली २.१ मिमी जाडीचा कडक स्पंज असलेलं.

फोरहँडला ते छान चालतं. तिथे कमरेपासून जोर येतो, स्पंज पुरता दबतो आणि चेंडूला भरपूर फिरकी मिळते. बॅकहँडला मात्र हात पोटासमोरून जेमतेम वीतभर फिरतो. एवढ्याने कडक स्पंज दबतच नाही, चेंडू वरच्यावर निसटतो.

म्हणून फोरहँड तसाच ठेवला आणि बॅकहँडला १.८ मिमीच्या मऊ स्पंजचं रबर चिकटवलं. पहिल्याच रॅलीत चेंडू क्षणभर रबरात रुतल्यासारखा वाटला. आवाजही बदलला, 'टक्'च्या जागी जाडसर 'थप्'. बॅट किंचित पुढे झुकवली की ब्लॉक नेटला चाटून टेबलावर पडतो. स्मॅशचा वेग थोडा गेला, पण मला तो सौदा मान्य आहे.

दोन्ही रबरं एकदम बदलू नका, नाहीतर फरक कुठल्याने पडला ते कळतच नाही.