वर्ग एका सुरात "हो" म्हणतो तेव्हा

नव्याने अंगणवाडीत किंवा बालवाडीत रुजू झालेल्या ताईंसाठी हे लिहितेय. रजिस्टर, पोषण आहार, वजन-उंची, पालकसभा हे सगळं तुम्हाला प्रशिक्षणात सांगितलेलं असतं, त्यात मी शिरत नाही. मला एकच गोष्ट सांगायची आहे. ती मला वेळेवर कुणी सांगितली नाही आणि माझ्या अंगणवाडीतली चार वर्षांची एक मुलगी टेम्पोखाली जाता जाता वाचली.

आमची अंगणवाडी अगदी रस्त्याला लागून. फाटकाशीच दुधाचे टेम्पो वळतात. म्हणून जूनपासून मी रोज 'चल-थांब' खेळ घ्यायचे. डफली वाजली की चालायचं, थांबली की पुतळा. ही मुलगी त्यात कधीच बाद झाली नाही. शेवटी मी विचारायचे, "रस्त्यावर ताईंनी थांब म्हटलं की काय करायचं?" सगळी एका सुरात, "थांबायचं!" आणि मी समाधानाने पुढच्या गाण्याकडे वळायचे.

ऑगस्टमध्ये एकदा मुलांना घरी सोडत होतो. त्या दिवशी ती रांगेत सगळ्यात पुढे होती. टेम्पो मागे येताना दिसला आणि मी पोटातून ओरडले, "थांब!" मागची सगळी मुलं जागच्या जागी थिजली. ती मात्र चालत राहिली. आमच्या मदतनीस मावशींनी धावत जाऊन तिच्या दप्तराचा पट्टा धरला आणि मागे ओढलं. पट्टा तुटून मावशींच्या हातात आला, पण पोर आत आली.

मी तिच्यावरच रागावले. त्या दिवशीच्या नोंदीत मी लिहिलंय, 'हट्टी आहे, सांगितलेलं ऐकत नाही.' ते पान अजून माझ्याकडे आहे. संध्याकाळी झाडलोट करताना मावशी म्हणाल्या, "ताई, ती खेळताना तुमच्याकडं बघतच नाही. शेजारणीच्या पायाकडं बघते."

एवढ्या एका वाक्यात सगळं होतं. खेळात तिच्यापुढे कुणीतरी असायचं. ते थांबलं की ही थांबायची. रस्त्यावर ती सगळ्यांच्या पुढे होती, बघायला पायच नव्हते. दुसऱ्या दिवशी मी तोंडासमोर वही धरून तिला एकेक चित्र मागितलं. 'हात' म्हटलं तर तिने भाताचं चित्र दिलं, 'पान' म्हटलं तर कान दाखवला. वही खाली केली की बहुतेक सगळं बरोबर.

तालुक्याला कानाच्या डॉक्टरांना दाखवलं. कानाच्या पडद्यामागे पाणी साचलेलं. हे दुखतंच असं नाही, कान वाहतोच असंही नाही. सर्दी वाढली की कमी ऐकू येतं, उतरली की बरं. म्हणून मूल आज ऐकतं, उद्या ऐकत नाही आणि आपण त्याला लहरी ठरवून मोकळे होतो. तिच्या आईलाही तेच वाटत होतं. बहुतेक मुलांचं हे बरं होतं, त्यामुळे घाबरून जाऊ नका. पण बरं होईपर्यंतचे महिने त्या मुलाने तुमच्याच वर्गात काढलेले असतात.

खरा धक्का मला आठवड्याने बसला. शरीराच्या सुरक्षिततेचा पाठ मी असाच घेतला होता, भिंतीवर तक्ता लावून, सगळ्यांना एकत्र. मी कापडी बाहुली घेऊन तिला एकटीला बसवलं. "इथं झाकलेल्या जागी कुणी हात लावला तर चालेल?" ती म्हणाली, "हो." "कुणी म्हणालं आईला सांगू नको, तर गप्प बसायचं?" "हो." सगळ्यालाच हो. शाळेत 'हो' म्हटलं की ताई खूश होतात, एवढंच तिला आमच्या वर्गातून मिळालं होतं. मला त्या रात्री झोप लागली नाही.

म्हणून हात जोडून सांगते, "समजलं का?" हा प्रश्न टाकून द्या. सामूहिक उत्तरात तीन-चार मुलांचा आवाज असतो, बाकीची ओठ हलवतात. ज्या मुलाला ऐकू येत नाही, ज्याच्या घरी पावरी, कोरकू किंवा गोंडी बोलतात, जे उशिरा बोलायला लागलं, जे नुसतं लाजतं, ते सगळं त्या एका 'हो'खाली झाकलं जातं. आणि धोका नेमका त्याच मुलांना जास्त असतो, कारण ती घरी येऊन सांगू शकत नाहीत. रोज दोनच मुलं घ्या, एकेकटी. सांगायला लावू नका, करून दाखवायला लावा. बाहुलीवर बोट ठेवू दे, 'नको' म्हणून हात पुढे करू दे, धावत मावशींकडे जाऊ दे. पंचवीस मुलं असली तरी पंधरवड्यात सगळी होतात. मला आधी हे अशक्य वाटायचं. जमतं.

'चांगला स्पर्श, वाईट स्पर्श' हे शब्दही मी सोडले. गुदगुल्या केल्या तर मुलाला वाईट वाटत नाही आणि त्रास देणारा बहुतेक वेळा ओळखीचाच, लाड करणारा असतो. 'सुरक्षित' आणि 'असुरक्षित' म्हणा, अवयवांची खरी नावं शिकवा आणि आईपासून लपवायला सांगितलेली गोष्ट आईला सांगायचीच, हे पक्कं करा. मोबाईलवरचा व्हिडिओ लावून हा पाठ उरकता येतो असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. व्हिडिओ मुलाच्या चेहऱ्याकडे बघत नाही.

एखाद्या मुलाने खरंच काही सांगितलं तर शांतपणे ऐका, खोदून खोदून विचारू नका आणि "कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यात कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. गावात मिटवू म्हणणारे पुष्कळ भेटतील. न कळवणं हा कलम २१ खाली गुन्हा आहे. १०९८ हा मुलांसाठीच्या चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर पाठ असू द्या.

कमी ऐकू येणाऱ्या मुलांबद्दल आमच्या ओळखीतल्या एक अनुभवी बाई म्हणायच्या, "अशी मुलं खास शाळेतच बरी." मला हे पटत नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम करायला लागल्या, तेव्हा मुलं बालवाडीत येईनात म्हणून बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी त्यातून आली. मग त्याच अंगणवाडीतून मुलाला बाहेर कसं काढायचं? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारचं दिव्यांगत्व आहे, पण ते पाठ करायची गरज नाही. बालस्वास्थ्य कार्यक्रमाचं तपासणी पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं, त्यांच्यापुढे तुमची नोंद ठेवा. 'हट्टी' असं लिहू नका. 'मागून हाक मारली तर वळत नाही' असं लिहा, म्हणजे डॉक्टरांना त्याचा उपयोग होतो. आणि शंका मोठी असेल तर पथकाची वाट बघू नका.

गुरू कुणाला मानायचं असं विचाराल तर मी मदतनीस मावशींचं नाव घेईन. आपण फळ्याकडे बघत असतो, त्या मुलांकडे बघत असतात.

आता 'थांब' म्हणताना मी हातही वर करते आणि फाटकाशी मावशी लाल रुमाल घेऊन उभ्या राहतात. सगळीच मुलं त्याने लवकर थांबतात, नुसती तीच नाही. मी खिडकीकडे तोंड करून बसते, पाठ करून नाही, म्हणजे माझ्या ओठांवर उजेड पडतो. ती समोर बसते. परवा तिला सर्दी झाली होती. गोष्ट सांगता सांगता मी मान वळवली, तर तिने माझी हनुवटी धरली आणि चेहरा आपल्याकडे फिरवला.