बिग बँडमध्ये ट्रॉम्बोनचा सोलो लिहिताना या चुका टाळा

तालमीत ट्रॉम्बोनवादक सोलोसाठी उभा राहतो आणि आठ बार (मात्रांचे ठरावीक गट) होण्याच्या आत त्याचा आवाज बँडच्या पोटात गडप होतो, तेव्हा बहुतेक संयोजक, म्हणजे बँडसाठी स्वररचना लिहिणारे, आधी मायक्रोफोनकडे धाव घेतात. त्याने काम भागत नाही, कारण दोष स्वरलेखनात असतो. ट्रम्पेटचा सोलो बाकी बँडच्या वरून वाहतो; ट्रॉम्बोनचा सोलो मात्र साधारणपणे मध्य सीच्या खालच्या एफपासून त्याच्या वरच्या बी फ्लॅटपर्यंत, म्हणजे बँडच्या ऐन मध्यात राहतो. त्याच पट्ट्यात दोन्ही टेनर सॅक्सोफोन सर्वात मोकळे वाजतात, आल्टो सॅक्सोफोनांचा खालचा भाग येतो, उरलेले ट्रॉम्बोन असतात आणि पियानो व गिटार यांचे कॉर्डही तिथेच पडतात. ज्याला ऐकायचे, त्याच्याच जागेत आपण दहा जणांना बसवलेले असते.

यातली सर्वाधिक आढळणारी चूक म्हणजे सोलोमागे पाच सॅक्सोफोनांची दाट, लांब धरलेली हार्मनी लिहिणे. ती कागदावर सुंदर दिसते आणि एकटी वाजवली तर कानालाही गोड लागते, पण तिचे मधले स्वर सोलोच्या स्वरांना चिकटतात आणि त्याचे शब्दोच्चार पुसून टाकतात. उपाय सोपा असला तरी मन घट्ट करावे लागते: सोलो ज्या स्वरांत फिरतो तेवढा पट्टा स्कोअरवर (सर्व वाद्यांच्या एकत्र स्वरलेखनावर) पेन्सिलने आखावा आणि त्या आठ-बारा बारांत त्या पट्ट्यात पडणारा इतरांचा प्रत्येक लांब स्वर वर न्यावा, खाली न्यावा किंवा खोडावा. सॅक्सोफोन हवेच असतील तर त्यांना एकाच ओळीत, खालच्या सप्तकात, सोलोच्या दोन वाक्यांमधल्या जागेत बोलू द्यावे. म्यूट (आवाज बदलणारे, दाबणारे साधन) लावलेल्या ट्रम्पेटांचे आखूड आघात सोलोच्या वर राहतात, त्यामुळे तेही चालतात. पियानोवादकालाही त्या आवर्तनात हात आवरायला सांगावे. हे तोंडी सांगून विसरले जाते, म्हणून पार्टमध्येच, म्हणजे वादकाच्या स्वतःच्या स्वरपानात, लिहावे.

जागेचा हा विचार किती दूर नेता येतो, हे जॅझ संगीतकार ड्यूक एलिंग्टनच्या 1930 च्या ‘मूड इंडिगो’त ऐकावे. न्यू ऑर्लिन्सच्या रीतीत क्लॅरिनेट वर आणि ट्रॉम्बोन तळाशी असे. एलिंग्टनने म्यूट लावलेला ट्रॉम्बोन वरच्या पट्टीत, ट्रम्पेटच्या लगेच खाली ठेवला आणि क्लॅरिनेटला खोल तळाशी उतरवले. वाद्ये तीनच, पण प्रत्येकाची खोली वेगळी. त्याच एलिंग्टनच्या 1940 च्या ‘को-को’मध्ये आधी हुआन तिसोलचा व्हॉल्व्ह ट्रॉम्बोन (नळी सरकवण्याऐवजी झडपा दाबून वाजणारा) येतो आणि मग जो नॅन्टनचा प्लंजर (रबरी कपासारखा म्यूट) लावलेला, माणसासारखा बोलणारा ट्रॉम्बोन. एकाच वाद्यकुळातले दोन आवाज किती निराळे असू शकतात, हे संयोजकाने वादक पाहून ठरवायचे असते. ‘ट्रॉम्बोन सोलो’ एवढेच लिहून ते ठरत नाही.

दुसरा मोठा गोंधळ स्लाइडविषयी, म्हणजे ट्रॉम्बोनच्या पुढे-मागे सरकणाऱ्या नळीविषयी, होतो. आपल्या कानांना मींड परिचित असल्यामुळे ट्रॉम्बोनवर कोणत्याही स्वरावरून कोणत्याही स्वरावर घसरत जाता येईल, असे सहज वाटते. प्रत्यक्षात स्लाइडच्या सात जागा आहेत आणि एका जागेवरून पुढच्या जागेवर गेल्यास स्वर अर्ध्या सुराने उतरतो. म्हणून सलग घसरणीचा पल्ला जास्तीत जास्त सहा अर्धसुरांचा, म्हणजे षड्जापासून तीव्र मध्यमापर्यंतचा. त्यातही दोन्ही स्वर एकाच हार्मोनिकवर, म्हणजे स्लाइड न हलवता ओठांनी निघणाऱ्या स्वरांच्या शिडीतल्या एकाच पायरीवर, मिळाले पाहिजेत. बेस क्लेफच्या (खालच्या स्वरांसाठीच्या रेषांच्या) चौथ्या रेषेवरच्या एफपासून त्याच्या वरच्या बी फ्लॅटपर्यंतची घसरण सहाव्या जागेवरून पहिलीवर येऊन नीट होते. दुसऱ्या रेषेवरच्या बी फ्लॅटपासून जवळच्या डीपर्यंतची मात्र होत नाही, जरी अंतर त्याहून कमी असले तरी. अशी खूण पार्टमध्ये दिसली की वादक ओठांनी काहीतरी निभावून नेतो आणि संयोजकाला वाटते की तो आळस करतो आहे.

वेगवान ओळींचेही तेच. साध्या टेनर ट्रॉम्बोनवर तो बी फ्लॅट पहिल्या जागेवर मिळतो आणि शेजारचा बी नॅचरल थेट सातव्या जागेवर, म्हणजे हात जवळजवळ दोन फूट लांबवावा लागतो. सॅक्सोफोनवर बोटांखाली सहज येणारी बीबॉपची (वेगवान जॅझशैलीची) ओळ एक सप्तक खाली उतरवून ट्रॉम्बोनला दिली की हा अपघात ठरलेलाच. फ्रँक रोसोलिनोसारखा वादक समोर असेल तर वेगाची चिंता नको. बिल रुसोने 1952 मध्ये स्टॅन केंटनच्या बँडसाठी ‘फ्रँक स्पीकिंग’ लिहिले ते त्याचे हात ओळखून, आणि रुसो स्वतः ट्रॉम्बोनवादक होता. अनोळखी वादकासाठी लिहिताना ओळ वरच्या पट्टीत न्यावी, कारण तिथे स्वर स्लाइडच्या जवळच्या जागांवर मिळतात.

संथ गीते लिहिताना वादकाचा श्वास मोजलाच जात नाही, ही आणखी एक चूक. मिनिटाला 60 मात्रांच्या लयीत चार मात्रांचे चार बार म्हणजे पूर्ण 16 सेकंद, आणि वरच्या पट्टीतल्या सलग स्वरांसाठी ते खूप आहेत. 1935 मध्ये ‘आय ॲम गेटिंग सेंटिमेंटल ओव्हर यू’ ध्वनिमुद्रित करणाऱ्या टॉमी डॉर्सीचे अखंड वाटणारे वाक्य ऐकून पुष्कळ जण तशी ओळ लिहितात. पण त्याचे श्वासावरचे प्रभुत्व असे होते की फ्रँक सिनात्रासारखा गायक त्याच्याकडे पाहून शिकला. आपल्या वादकासाठी वाक्यात जागा सोडावी आणि त्या जागेत बँडला उत्तर द्यायला लावावे. मग तो श्वास रचनेचाच भाग होतो.

सोलोवादक उभा राहिला की चार ट्रॉम्बोनांचे तीन उरतात, हे विसरून चार स्वरांची हार्मनी तशीच ठेवली जाते आणि कॉर्डमधला नेमका महत्त्वाचा स्वर गायब होतो. सोलो शक्यतो दुसऱ्या पार्टमध्ये लिहावा म्हणजे लीड (पहिला) वादक सेक्शनला, म्हणजे उरलेल्या ट्रॉम्बोनांना, धरून राहतो. सोलोच्या आधीच्या पानावर त्याच वादकाला उंच स्वरांची सलग ओळ देऊ नये, कारण ओठ थकलेले असतील तर पुढची सारी मेहनत व्यर्थ जाते.

म्यूट लावण्या-काढण्यासाठी किमान दोन-तीन बार रिकामे हवेत. बकेट म्यूट चापाने अडकवावा लागतो, त्याला आणखी वेळ द्यावा. पार्ट मूळ स्वरांतच, बेस क्लेफमध्ये लिहावा. जॅझमधले ट्रॉम्बोनवादक वरच्या जादा रेषा सहज वाचतात. मध्येच टेनर क्लेफ आला की पहिल्या वाचनात त्यांचा हात अडखळतो.